नकाशावर नसलेला दर्या

दोन वर्षांपूर्वी ऑफिसमध्ये किनारपट्टीच्या नकाशांचं एक काम माझ्याकडे आलं होतं. रस्ते, इमारती, नद्या, डोंगर, जंगल असे एकावर एक थर लावायचे आणि क्लायंटला हवा तो भाग दाखवायचा. काम संपत आलं तेव्हा सहज म्हणून मी आमच्या गावाचा तुकडा उघडला आणि सुट्टीत घरी गेल्यावर आजोबांना लॅपटॉपवर दाखवला. माझे आजोबा रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बंदरावर चाळीस वर्षं तांडेल होते. त्यांनी मशीद ओळखली, जेट्टी ओळखली, शाळा ओळखली. मग निळ्या भागावर बोट ठेवून विचारलं, "आणि दर्या कुठे आहे?"

मी म्हटलं, "हा निळा आहे तोच की."

"यात तर काहीच लिहिलेलं नाही," ते म्हणाले.

त्या संध्याकाळी मी त्यांच्यासमोर वही घेऊन बसलो. खडप कुठे आहे, चिखल कुठून सुरू होतो, किती वावांवर कोणतं जाळं टाकायचं, कोणत्या महिन्यात बांगडा कुठून येतो, भांगेला कुठे जाण्यात अर्थ नाही, वारा फिरला की कुठल्या आडोशाला यायचं. दोन तासांत चाळीसेक जागांची नावं झाली. किनाऱ्यावरचं एखादं झाड आणि टेकडीचं टोक एका रेषेत आलं की अमुक जागा, असे त्यांचे पत्ते. त्यातली एकही जागा आमच्या डेटाबेसमध्ये नव्हती, आणि नंतर शोधलं तेव्हा कुठल्याच सरकारी नकाशात सापडली नाही.

हा लेख त्या रिकाम्या निळ्या रंगाबद्दल आहे. तो रंग रिकामा राहतो म्हणून कोणाचं नुकसान होतं, आणि तो भरायचं काम आपल्यासारख्या शिकलेल्या मुलामुलींचं का आहे, एवढंच मला सांगायचं आहे.

जमीन गेली नाही म्हणजे काहीच गेलं नाही?

राजापूर तालुक्यातलं साखरीनाटे आपल्यापैकी अनेकांना ऐकून माहीत असेल. खाडीच्या तोंडाशी वसलेलं, प्रामुख्याने मुस्लिम मच्छीमारांचं गाव. जवळच माडबनच्या सड्यावर जैतापूर अणुऊर्जा प्रकल्प ठरला. प्रत्येकी १,६५० मेगावॅटच्या सहा अणुभट्ट्या, एकूण ९,९०० मेगावॅट. जमीन गेली ती माडबन, मिठगवाणे, करेल, निवेली या भागातली. साखरीनाट्याची जमीन गेली नाही. मग ते गाव रस्त्यावर का उतरलं?

कारण त्यांची शेती पाण्यात आहे. अणुभट्ट्या थंड ठेवायला समुद्राचं पाणी आत घेतलं जाणार आणि गरम होऊन ते परत समुद्रात सोडलं जाणार. त्या पाण्याने मासळीवर काय परिणाम होईल, आणि सुरक्षेच्या नावाखाली किती समुद्र बोटींना बंद होईल, हे त्यांचे दोन साधे प्रश्न होते. अणुऊर्जा हवी की नको यावर आपली मतं वेगवेगळी असू शकतात. पण नुकसानभरपाईचा सगळा हिशेब सातबाऱ्यावर उभा असतो. ज्याचा सातबारा जातो तो बाधित. दर्याला सातबारा नाही. तीन पिढ्या एकाच पाण्यात जाळं टाकणारा माणूस बाधितांच्या यादीत कुठे बसवायचा, याला त्या हिशेबात रकानाच नाही. एप्रिल २०११ मध्ये तिथल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात गावातला एक तरुण मच्छीमार मारला गेला, तेव्हा साखरीनाट्याचं नाव देशभर पोचलं. त्याआधी ते फारसं कोणाच्या नकाशावर नव्हतं.

जमिनीचंही फार वेगळं नव्हतं. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने या प्रकल्पाचा सामाजिक अभ्यास केला, तेव्हा कागदावर पडीक म्हटलेली जमीन लोक शेती, आंबा आणि चराईसाठी वापरत असल्याचं समोर आलं. सडा दुरून ओसाड दिसतो. पावसात तिथे काय उगवतं आणि कोणाची गुरं चरतात, हे विचारल्याशिवाय कळत नाही. समुद्र तर बाराही महिने ओसाडच दिसतो.

नसलेला थर

इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत मला समाजशास्त्राचा एक धडाही नव्हता. मानवी भूगोल नावाचा विषय असतो, एवढंच शाळेच्या पुस्तकापुरतं ठाऊक होतं. माणसं जागा कशी वापरतात, जागेला अर्थ कसा देतात, आणि कोणाची जागा नकाशावर येते व कोणाची येत नाही, याचा हा अभ्यास. आजोबांच्या वहीनंतर मी त्यात शोधायला लागलो आणि एका अमेरिकन भूगोलतज्ज्ञाच्या कामापाशी येऊन थांबलो.

केव्हिन सेंट मार्टिन हे रटगर्स विद्यापीठातले भूगोलाचे अभ्यासक. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर, गल्फ ऑफ मेनच्या परिसरात त्यांनी काम केलं. त्यांना दिसलं ते असं: मत्स्यव्यवस्थापनाच्या नकाशांवर माशांच्या जाती होत्या, खोली होती, तळाचा प्रकार होता. माणूस मात्र फक्त एक सुटी बोट म्हणून होता. प्रत्येक बोट जास्तीत जास्त मासे पकडायला धावते आहे, असं गृहीत धरून सगळे नियम केलेले. कोणत्या बंदराची माणसं कोणत्या पाण्यात जातात, याची नोंद त्यात कुठेच नव्हती. २००८ मध्ये मॅडलिन हॉल-आर्बर या मानववंशशास्त्रज्ञ सहकाऱ्यासोबत लिहिलेल्या शोधनिबंधाच्या नावातच त्यांनी याला 'नसलेला थर' म्हटलं.

पुढे त्यांनी जे केलं ते माझ्यासारख्या प्रोग्रॅमरला लगेच समजण्यासारखं आहे. तिथल्या बोटींना प्रत्येक फेरीनंतर सरकारला माहिती द्यावी लागते: कुठून निघालो, कोणतं जाळं, कुठे मासे धरले, किती माणसं, किती दिवस. हा डेटा आधीपासून पडून होता. त्यांनी तो एकेका बोटीऐवजी बंदर आणि जाळ्याचा प्रकार यांनुसार एकत्र केला. एका भागात किती मासे निघाले याऐवजी, त्या भागात कोणत्या बंदराच्या माणसांनी किती दिवस घाम गाळला, हे मोजलं. तोच डेटा, फक्त प्रश्न वेगळा. नकाशावर एकेका बंदराचे पट्टे उमटले, जणू समुद्रात त्यांच्या वाड्या आहेत. मग हे नकाशे घेऊन मच्छीमारांकडे जायचं, आणि चुकलंय कुठे ते त्यांनाच विचारायचं, अशी ती पद्धत.

याचा उपयोग काय? उद्या एखाद्या पट्ट्यात पवनचक्क्या उभारायच्या ठरल्या किंवा मासेमारी बंद करायची ठरली, तर 'अमुक चौरस किलोमीटर समुद्र' एवढ्यावर बोलणं थांबत नाही. 'अमुक गावाचं काम बंद पडेल' असं पुराव्यानिशी म्हणता येतं.

सगळ्यांचा म्हणजे कोणाचाच नाही?

यामागे एक जुना वाद आहे आणि तो समजून घेणं गरजेचं आहे. १९६८ मध्ये गॅरेट हार्डिन यांनी लिहिलं की जे कुरण सगळ्यांसाठी खुलं असतं ते उजाड होणारच, कारण प्रत्येक जण आपलं एक गुरू वाढवत राहतो. त्याच्या चौदा वर्षं आधी एच. स्कॉट गॉर्डन या अर्थतज्ज्ञाने मासेमारीबद्दल असाच हिशेब मांडला होता. यातून दोनच उपाय निघतात: एक तर सरकारने वरून ताबा घ्यावा, नाहीतर समुद्र वाटून खासगी करावा.

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी आयुष्यभर याची उलट बाजू तपासली आणि २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. १९९० च्या त्यांच्या पुस्तकात तुर्कस्तानातल्या अलान्या या बंदराची गोष्ट येते. मूळ अभ्यास फिकरेत बर्केस यांचा. तिथे शंभरेक मच्छीमार, दोन-तीन माणसांच्या छोट्या बोटी. १९७० च्या सुमारास चांगल्या जागांवरून भांडणं, मारामाऱ्या सुरू झाल्या होत्या. मग तिथल्या सहकारी संस्थेतल्या लोकांनी प्रयोग सुरू केले. दरवर्षी सप्टेंबरमध्ये परवानाधारक सगळ्या मच्छीमारांची यादी करायची, संस्थेचा सभासद असो वा नसो. मासेमारीच्या जागांची नावानिशी यादी करायची, जाळी एकमेकांना आडवी येणार नाहीत इतक्या अंतरावर. मग चिठ्ठ्या टाकायच्या. सप्टेंबर ते जानेवारी प्रत्येकाने रोज एक जागा पूर्वेकडे सरकायचं, जानेवारीनंतर पश्चिमेकडे, कारण मासे त्याप्रमाणे फिरतात. त्यामुळे चांगली जागा प्रत्येकाच्या वाट्याला येते. दुसऱ्याच्या जागेवर कोणी गेलं, तर ज्याची पाळी आहे तोच पकडतो. पहारेकरी नेमावा लागत नाही. हे नियम बसायला दहाएक वर्षं लागली.

हे वाचताना मला आपल्या किनाऱ्याची आठवण झाली. पालघरपासून उत्तनपर्यंत डोल जाळ्यांसाठी समुद्रात कव मारतात. कोणाची कव कुठे, हे गावागावांत ठरलेलं असतं, आणि एका भागातल्या लोकांनी दुसऱ्यांच्या पाण्यात कवी मारल्या म्हणून डहाणू-पालघर आणि वसई-उत्तनच्या मच्छीमारांत वर्षानुवर्षं वाद चालला आहे. भांडण आहे याचाच अर्थ हक्काची कल्पना आहे. ज्याला आपण मोकळा समुद्र समजतो, तिथे हद्दी आहेत, शेजार आहे, रीत आहे. फक्त ती कागदावर नाही.

आपल्या घरातले प्रश्न

इथपर्यंत वाचून 'गरीब मच्छीमार विरुद्ध सरकार' असं सरळ चित्र डोळ्यांसमोर आलं असेल, तर ते खरं नाही. खरं चित्र आपल्याला जरा टोचणारं आहे.

कोकणात गेली काही वर्षं पर्ससीन विरुद्ध पारंपरिक मच्छीमार हा झगडा पेटलेला आहे. पर्ससीनचं जाळं अख्ख्या थव्याला वेढा घालतं. रात्री एलईडीचा झगझगीत उजेड पाडून मासळी गोळा करण्याचा प्रकार तर त्याहून वाईट. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा. २०१६ मध्ये राज्याच्या पाण्यात पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर एवढेच महिने ठेवले गेले, २०२१ मध्ये दंड लाखांत नेला गेला. तरी उल्लंघन चालूच आहे. २०१९ मध्ये राज्याची सागरी मासळी सुमारे २ लाख टनांवर आली. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या आकडेवारीत पंचेचाळीस वर्षांतला तो नीचांक होता. त्या वर्षी वादळांनी बोटी बरेच दिवस किनाऱ्यावर बसवल्या होत्या हे खरं, पण सगळा दोष वादळांवर टाकता येणार नाही.

या झगड्याला अधूनमधून धर्माचा रंग दिला जातो. पर्ससीनवाले म्हणजे 'ते', रापणवाले म्हणजे 'आपण', असं दोन्ही बाजूंनी बोललं जातं. वस्तुस्थिती अशी की रत्नागिरीत मोठ्या बोटींच्या मालकांत मुस्लिम आहेत आणि इतर समाजांचेही आहेत, आणि छोट्या होडीवाल्यांतही दोन्ही आहेत. वाद जाळ्याचा आहे. आणि म्हणूनच, एखादा बेकायदा एलईडी लावणारा मालक आपल्या जमातीचा आहे, मशिदीला देणगी देतो, एवढ्यावरून आपण गप्प बसणं चुकीचं आहे. त्याने उपसलेली मासळी आपल्याच मोहल्ल्यातल्या होडीवाल्याची होती. छोट्या जाळीने बारीक पिल्लं मारणारेही आपल्यात आहेत. पापलेट २०२३ मध्ये राज्यमासा झाला, त्याच वर्षी कमीत कमी किती लांबीचा मासा पकडावा याचे नियम आले. पापलेटसाठी ती १३५ मिलिमीटर आहे. बाजारात त्याहून लहान पापलेट कौतुकाने विकत घेणारे आपणच असतो.

दुसरी गोष्ट आणखी जवळची. कोकणातल्या मुस्लिम मच्छीमारांना दालदी म्हणतात. सोयरिकी जुळवताना हा शब्द आपल्याच समाजात कसा उच्चारला जातो, हे ज्यांनी ऐकलं आहे त्यांना सांगायला नको. आपल्यात जात नाही असं आपण व्यासपीठावर म्हणतो आणि घरी मासळीचा वास असलेल्या घरात मुलगी देत नाही. मी स्वतः कॉलेजमध्ये चार वर्षं आजोबांचा धंदा 'बिझनेस' एवढाच सांगत होतो. नकाशावरून आपल्याला कोणी पुसलं, असं म्हणताना मला ही गोष्ट आधी कबूल करावीशी वाटते. पहिला खोडरबर मीच फिरवला होता.

तिसरी गोष्ट म्हणजे 'समुदाय' म्हणताना आपण कोणाला मोजतो. आज रत्नागिरीच्या अनेक बोटींवर खलाशी नेपाळचे आहेत, कारण गावातली तरुण पोरं आखातात किंवा मुंबईत आहेत. मासळी निवडणाऱ्या, सुकवणाऱ्या, टोपली घेऊन दारोदार जाणाऱ्या बायकांवर अर्धा धंदा चालतो, पण सोसायटीच्या सभासदांत आणि बोटीच्या कागदांत त्यांची नावं किती असतात? सेंट मार्टिन यांच्या नकाशात माणसांचे दिवस मोजले होते. आपण आपला नकाशा करायला बसलो आणि त्यात फक्त बोटमालकांचे पट्टे आले, तर एक थर पुन्हा गायबच राहील.

डेटा कोणाचा?

येत्या काही वर्षांत समुद्राबद्दलची माहिती झपाट्याने गोळा होणार आहे. हैदराबादची इन्कॉइस संस्था उपग्रहावरून पाण्याचं तापमान आणि हिरवळ पाहून मासळी कुठे मिळण्याची शक्यता आहे, हे कधीपासून सांगते. इस्रोने विकसित केलेले ट्रान्सपॉन्डर देशातल्या एक लाख बोटींवर बसवण्याची योजना ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरला जाहीर झाली, त्याच कार्यक्रमात वाढवण बंदराचं भूमिपूजन झालं. नॉर्वेच्या मदतीने पुदुचेरी आणि लक्षद्वीपमध्ये सागरी जागेच्या नियोजनाचे प्रयोग सुरू झाले. समुद्राचे विभाग पडणार, हे दिसतंच आहे.

ट्रान्सपॉन्डर वादळात जीव वाचवतो, त्याला विरोध करण्याचं कारण नाही. पण तीच बोट रोज कुठे जाते हेही त्यातून कळतं. हा डेटा दंड लावायला वापरता येतो, आणि हे पाणी अमुक गावाचं आहे हे सिद्ध करायलाही वापरता येतो. कोणत्या कामाला वापरायचा हे मशीन ठरवत नाही. क्वेरी लिहिणारा ठरवतो.

एक शंका अगदी रास्त आहे. आजोबांनीच ती काढली. "जागा लिहून ठेवल्यास तर उद्या पर्ससीनवाला तिथेच येईल ना?" म्हणून एकेका खडपाचा अचूक अक्षांश-रेखांश जाहीर करू नये. गावाचा एकत्रित पट्टा दाखवावा, ढोबळ चौकोनांत, आणि बारीक नोंद गावाच्या सोसायटीकडेच राहावी. आम्ही बँकांच्या डेटाबाबत ही काळजी रोज घेतो. मच्छीमारांच्या डेटाबाबत का घेऊ नये?

लिहून ठेवल्याने फरक पडतो याची उदाहरणं आहेत. लक्षद्वीपमध्ये गळाने ट्यूना पकडणारे मच्छीमार आपल्या मासळीच्या नोंदी स्वतः वहीत ठेवतात, दक्षिण फाउंडेशन ही संस्था त्यांच्यासोबत हे काम करते. वरळीत कोस्टल रोडच्या पुलाखालून होड्या नेण्यासाठी खांबांमधलं साठ मीटर अंतर पुरत नाही, असं कोळी बांधव सांगत राहिले. वारा, लाटा, होडी वळवायला लागणारी जागा यांवर ते ठाम राहिले. त्यांची मागणी २०० मीटरची होती. अखेर एक खांब काढून अंतर १२० मीटर करण्याचं मान्य झालं. पूर्ण विजय नाही, पण समुद्र वापरणाऱ्याचं ज्ञान अभियंत्यांच्या आराखड्यात शिरलं.

उलट बाजूचं उदाहरण आपल्या दाराशी आहे. जानेवारी २०२५ मध्ये रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातली अनेक बांधकामं अनधिकृत ठरवून पाडली गेली. त्यातलं किती खरोखर बेकायदा होतं यावर मी इथे निवाडा देत नाही. पण जाळी ठेवायची, विणायची, मासळी सुकवायची जागा ही धंद्याची गरज असते. २०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेत मच्छीमारांच्या गावांच्या सामायिक जागा, सुकवण्याची ठिकाणं, जेट्ट्या नकाशावर दाखवाव्यात असं म्हटलं होतं. जी जागा वेळेत नकाशावर आली नाही, ती बुलडोझरच्या दिवशी आणता येत नाही.

एक वही, एक फोन

म्हणून माझी विनंती साधी आहे. ज्यांचं गाव किनाऱ्यावर आहे त्यांनी येत्या सुट्टीत एक संध्याकाळ घरातल्या जुन्या तांडेलासोबत बसावं. जागांची नावं, महिने, जाळी, वाव, सगळं उतरवावं. आवाज रेकॉर्ड करावा. आजी, खाला, फुफी यांना विचारावं की मासळी कुठे सुकवायच्या, कुठवर विकायला जायच्या, आता ती जागा कोणाकडे आहे. बोटीवरच्या नेपाळी खलाशालाही विचारावं. ज्यांना संगणक येतो त्यांनी फुकट मिळणाऱ्या क्यूजीआयएससारख्या सॉफ्टवेअरमध्ये ते भरावं. ज्यांना कायदा येतो त्यांनी किनारा आराखड्यावर हरकत कशी नोंदवायची ते गावाला शिकवावं. शेजारच्या कोळीवाड्याला, भंडारी-गाबीत मंडळींना सोबत घ्यावं, कारण पाणी एकच आहे आणि एकट्या मोहल्ल्याचा नकाशा अर्धाच राहील.

सरकार करेल म्हणून थांबू नये, आणि सरकारला वगळूही नये. २०२५ च्या अखेरीस सागरी मत्स्य जनगणना मोबाइल ॲपवर झाली. त्यात आपल्या गावाची नोंद काय झाली, हे विचारणं आपला हक्क आहे.

आमच्या गावाचा कच्चा नकाशा आता तयार आहे. चाळीस नावांची सत्तावन्न झाली आहेत, कारण बंदरावरच्या इतर म्हाताऱ्यांनी आजोबांच्या चुका काढल्या आणि दोन जागांवरून अजून भांडण चालू आहे. आजोबांना आता दूरचं नीट दिसत नाही. गेल्या ईदला मी त्यांना तो नकाशा मोठा करून दाखवला. त्यांनी बराच वेळ पाहिला, आणि एका जागेवर बोट ठेवून म्हणाले, "ही जरा दक्षिणेला सरकव."

मी सरकवली.